धागा : गादीची वारस गावदेवीची पुजारीण झाली तर? (वर्धाकाठचं काल्पनिक मातृसत्ताक गाव, तपशील हवेत)

मोहफूल

कादंबरीचा ढाचा असा आहे. वर्धा नदीच्या काठावरचं एक काल्पनिक गाव, आर्वी आणि कौंडण्यपूरच्या मधल्या पट्ट्यातलं. काळ 1920 ते 1955. इथे घर, शेती, गादी, देवळाचा मान, सगळं आईकडून मुलीकडे जातं. कारभार पुरुष बघतात, पण शिक्का बाईचा. गादीची वारस असलेली मुलगी बाविसाव्या वर्षी गादी नाकारते, गावदेवीची पुजारीण होते आणि उरलेलं आयुष्य देवळात काढते.

अडलंय ते कागदोपत्री आणि रोजच्या कामात. गादी सोडली म्हणजे नेमकं काय सोडलं? जमिनीचं काय होतं? पुजारीण दिवसभर काय करते? नवरात्रात काय बिघडू शकतं? ‘तिने सर्वस्वाचा त्याग केला’ या एका वाक्यावर तीनशे पानं उभी राहत नाहीत. जाणकारांनी लिहावं.

बंदोबस्त

आधी नदीचा कोणता काठ ते ठरवा. पूर्वेचा म्हणजे आर्वीकडचा काठ मध्यप्रांतात, तिथे मालगुजारी, म्हणजे गावाचा मालक गावाचा सारा भरतो. पश्चिमेचा वऱ्हाडात, तिथे रयतवारी, म्हणजे शेतकरी स्वतःचा सारा भरतो, आणि पाटील, देशमुख. नदी एकच असली तरी सत्तेची रचना वेगळी आहे.

तुमच्या कथेला पूर्व काठ सोयीचा. मालगुजारी गाव सोळा आण्यांचं धरतात आणि हिश्शेदारांचे वाटे आण्या-पैंत मोजतात. सगळ्यांच्या वतीने सरकारात सारा भरतो तो लंबरदार. म्हणजे तुमची ‘गादी’ तीन गोष्टींची मिळून होते: गावातला हिस्सा, लंबरदारी आणि सीर म्हणजे मालगुजाराची घरची जमीन. नायिका यातलं काय सोडते? लंबरदारी सोडून हिस्सा ठेवता येतो. हिस्सा बहिणीला देऊन सीर कसता येते. तिन्ही एकाच दिवशी सोडणारी माणसं कथेतच भेटतात, आणि तिथेही पटत नाहीत.

शब्द जपा. त्या काळात वर्धेकडे ‘सातबारा’ आणि ‘तलाठी’ घालू नका. पटवारी (गावचा हिशेबनीस), खसरा (शेतांची नोंदवही), जमाबंदी (साऱ्याची यादी), मुकद्दम (गावचा मुखिया) लिहा. पूर्व काठाला तहसील, पश्चिमेला तालुका. कौंडण्यपूर पलीकडच्या काठावर आहे, त्यामुळे नायिका तिथे गेली की ती दुसऱ्या महसुली जगात गेली.

पऱ्हाटी

ताई, एक इचारतो. तुमच्या गावात पोरी सासरी जातच नाई, तं मंग माहेर कुठून येईन? जात्यावरच्या अर्ध्या ओव्या तिथंच बाद. महालक्ष्म्या बसवताना दोघी माहेराले आल्या म्हणून आंबील करतेत, सोळा भाज्या करतेत. तुमच्या गावात त्या येतीन कुठून? त्या तं घरातच हायेत. भुलाबाईचे गाणे बी सासू-सासऱ्यावर चालतेत. तिथं सासू कोनाची? हे आधी निपटा, मंग लंबरदारी.

मोहफूल

पऱ्हाटीभाऊ, याचा विचारच झाला नव्हता. मग सण कोणाभोवती फिरतील?

रिद्धपूरवाट

मामाभोवती. जिथे वंश आईकडून चालतो तिथे मुलांवर अधिकार बापापेक्षा आईच्या भावाचा असतो. केरळात नायरांच्या तरवाडाचा, म्हणजे एकत्र घराचा, कारभार कारणवर बघायचा, म्हणजे घरातला वडीलधारा पुरुष, बहुधा आईचा भाऊ किंवा आजीचा भाऊ. मालमत्ता बायकांच्या रेषेने जाते, पण व्यवहार त्याच्या हाती. ही पद्धत केरळात 1975 च्या कायद्याने संपली. खासींमध्ये वडिलार्जित घर आणि कुळाचार धाकट्या मुलीकडे, पण सल्ला आणि देखरेख मामाची. म्हणून तुमच्या गावातला खलनायक सासरा किंवा नवरा असून चालणार नाही, तो मामाच हवा. भाचीने गादी नाकारली तर सगळ्यात जास्त हादरणार तोच, कारण त्याची सत्ता तिच्या शिक्क्यावर उभी आहे.

सण मग परत येण्याचे होतील. गावाबाहेर बायकोच्या घरी राहायला गेलेला भाऊ बहिणीच्या दारी येतो. पोळ्याला येईल, कारण बैल बहिणीचे आणि कसणारा तो. महालक्ष्म्यांच्या जागी ‘भाऊ जेवायला येणं’ बसवा.

आता मूळ मुद्दा. मोहफूलताई, तुम्ही देऊळ आणि गादी एकमेकांविरुद्ध ठेवलीत. बाईच्या राज्यात ती तशी नसतात. मेघालयात ख्यरिम संस्थानात राज्याचे विधी ‘सियेम साद’ करते, ती राजाच्याच घरातली ज्येष्ठ स्त्री असते. मेसोपोटेमियात अक्कडच्या सारगॉनने इसवीसनापूर्वी तेविसाव्या शतकात आपली मुलगी एन्हेदुअन्ना हिला उर शहरात चंद्रदेव नन्नाची प्रमुख पुजारीण म्हणून बसवलं. ते वैराग्य नव्हतं, दक्षिणेकडच्या जिंकलेल्या मुलखावर घरचं माणूस ठेवणं होतं. तिकडे उठाव झाला तेव्हा तिला देवळातून हाकललं गेलं, पुढे ती परतली. नंतरची काही शतकं राजे आपापल्या मुलींना त्याच जागी नेमत राहिले.

तुमची नायिका देवळात जाते तेव्हा गावाला ‘तिने गादी सोडली’ असं वाटणारच नाही. ‘तिने दुसरी गादी धरली’ असंच वाटेल.

झणझणीत

म्हणजे त्याग वगैरे सगळं मोडीत? तीनशे पानांचं काय मग!

रिद्धपूरवाट

उलट तीनशे पानं आता कुठे सुरू होतात. घरातच उदाहरण आहे. विदर्भातल्या वाकाटक राजघराण्याची प्रभावतीगुप्ता, गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. नवरा दुसरा रुद्रसेन लवकर गेला, मुलं लहान, कारभार तिने चालवला. राजधानी नंदिवर्धन, आजचं रामटेकजवळचं नगरधन. पुण्यात सापडलेल्या तिच्या ताम्रपटात वंशावळ सासरची नाही, गुप्तांची आहे. गोत्रही बापाचं धारण सांगते. आणि स्वतःला म्हणवते ‘अत्यन्तभगवद्भक्ता’. रिद्धपूरचा ताम्रपट तर रामगिरीच्या (रामटेकच्या) स्वामीच्या पादमूळापासून, म्हणजे देवाच्या पायाशी, दिलेला आहे. राज्यही आणि भक्तीही, एकाच पत्र्यावर. तिच्यासारखी बाई दान देताना कोणतं नाव पुढे लावते यात सगळं राजकारण आहे. तुमच्या पुजारणीने पावतीवर काय सही करायची, आईचं नाव की देवीचं, हे एक प्रकरण होईल.

चंद्रपूरची गोंड राणी हिराईही बघा. बीरशहा गेल्यावर दत्तक रामशहाच्या लहानपणी तिने कारभार केला, नवऱ्याची समाधी आणि महाकालीचं देऊळ बांधवलं. महाकालीची चैत्रातली यात्रा आजही भरते. मात्र यावरून गोंड समाज मातृसत्ताक होता असं लिहू नका, तो नव्हता. राणीने राज्य करणं वेगळं आणि हक्क मुलीच्या रेषेने जाणं वेगळं.

आणि सत्ताधारी बाईबद्दल गाव काय लक्षात ठेवतं त्याचं टोकाचं उदाहरण नागपूरची काळी मारबत, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवून जाळतात तो पुतळा. 1881 पासून निघते, आणि तिचा संबंध भोसल्यांच्या राणी बाकाबाईंनी इंग्रजांशी जुळवून घेतल्याच्या रागाशी लावला जातो. तुमच्या गावात गादी नाकारणाऱ्या पोरीची मारबत निघेल की मामाची, ठरवा.

बंदोबस्त

कागदाकडे येतो. काल्पनिक असलं तरी इंग्रजी अंमलात गाव आहे, त्यामुळे कोर्टात रूढी सिद्ध करावी लागणार. हिंदू कायद्याविरुद्धची वारसाची रूढी पुराव्याने मांडावी लागे: जुनी, सलग, ठाम. मध्यप्रांतात बंदोबस्ताच्या (सारा ठरवण्याच्या) वेळी गावाचा वाजिब-उल-अर्ज लिहीत. त्यात निस्तार (जंगल-गायरानाचा वापर), पाणी, गावखर्च अशा चालीरीती नोंदवलेल्या असत. तुमच्या गावात कोण्या हुशार आजीने त्यातच ‘हिस्सा मुलीकडे जातो’ हे लिहवून घेतलं असं दाखवा. मग मामा कोर्टात गेला तर पहिला हल्ला त्या एका ओळीवर होईल.

वारस अल्पवयीन असताना आई मेली तर इस्टेट कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे, म्हणजे सरकारी देखरेखीत, जाऊ शकते, मध्यप्रांताचा तो कायदा 1899 चा. नायिका बावीसची आहे म्हणून हा धोका नाही. ती गेल्यावर धाकटी बहीण अकराची असेल तर मात्र सरकारी मॅनेजर वाड्यात येऊन बसेल. देवळात जाण्याची किंमत बहिणीने भरली, हे आपोआप येतं.

पुजारीण झाल्याने वारसा जात नाही. विधिवत संन्यास घेतला तर हिंदू कायदा त्याला व्यवहारातला मृत्यू मानतो, पूजा करणं म्हणजे संन्यास नव्हे. तिला खरोखर सोडायचं असेल तर नोंदणीकृत दस्त लागेल. दस्त न करता ती नुसती देवळात राहायला गेली, तर तीस वर्षांनी तिचा हिस्सा जागा होऊन उभा राहील. या कथेत दस्त न होणंच जास्त कामाचं.

1951 ची तारीख विसरू नका. मालकी हक्क संपवणारा मध्य प्रदेशचा कायदा 1950 चा, अंमल 31 मार्च 1951 पासून. त्या दिवशी गादीखालचं गाव निघून जातं, सीर आणि खुदकाश्त (मालकाने स्वतः कसलेली) जमीन तेवढी उरते. गादी रिकामी होते आणि देवळाची मालमत्ता देवाच्या नावावर असल्याने वेगळी राहते. जिने गादी सोडली तिच्याच हाती गावातलं एकमेव शाबूत पद उरतं. हे तुम्हाला रचावं लागणार नाही, कायद्यानेच रचून दिलंय.

अजून एक. त्या काळात ‘धर्मादाय आयुक्त’ घालू नका. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता, मुंबई राज्यात आला तो 1 नोव्हेंबर 1956 ला. देवस्थानांसाठी मध्य प्रदेशचा 1951 चा सार्वजनिक न्यास कायदा होता आणि नोंदणी कलेक्टरकडे. मुंबईचा 1950 चा कायदा आपल्याकडे नंतर लागू झाला.

नंदादीप

मी फक्त देवळातलं सांगते. तुमची देवी शेंदराची की घडीव दगडाची? आपल्याकडच्या गावदेव्या बहुतेक शेंदूर चढवलेले तांदळे, म्हणजे न घडवलेले दगड, असतात, आणि दोन्हींची कामं वेगळी.

शेंदराच्या देवीला रोज पंचामृताचा अभिषेक करत नाहीत. शेंदूर तेलात खलून थरावर थर चढवतात, त्याचं कवच होतं. ओलावा आत गेला की कवच भेगाळतं आणि एक दिवस तुकड्यांनी सुटतं. कवच पडलं की गावात बोंब, ‘देवीने अंग टाकलं’. कारण बहुतेक साधं असतं: आधीचा थर वाळायच्या आत पुढचा चढवला, तेल जास्त झालं, किंवा पावसाळ्यात मागची भिंत पाझरली. निघालेलं कवच नदीत सोडून मूळ दगड कोरडा करून नव्याने सुरुवात करतात. शेंदूर हा शिशाचा असतो, हे 1920 मध्ये कोणी सांगणार नाही. पण त्याच हाताने प्रसाद वाटायचा नाही, हात राख-मातीने घासायचे, ही शिस्त थोरल्या पुजारणीने लावलेली दाखवता येईल.

घडीव मूर्ती असेल तर उलट त्रास. दूध-दही-मधाने दगड झिजतो. पंढरपूरलासुद्धा मूर्तीची झीज थांबवायला वज्रलेप करावा लागला आहे. पंचामृत करायचंच तर थोडं करा: दूध पाव लिटर, दही त्याच्या निम्मं, साखर दोन चमचे, तूप एक चमचा, मध दोन. तूप आणि मध समप्रमाणात घेत नाहीत.

नवरात्राचे घट. बांबूच्या परडीत पळसाची पानं अंथरायची, वर चाळलेली माती दोन-तीन बोटं. वर्धेकडची काळी माती एकटी वापरली तर पाणी धरते, वर पापडी येते, कोंब अडतो. तीन वाटे मातीला एक वाटा जुनं शेणखत किंवा नदीची वाळू. गहू रात्रभर भिजवून दाट पेरायचा, वर मातीचा पातळ थर. मधोमध कच्च्या भाजणीचा घट पाण्याने भरून. त्यातून पाझरतं तेवढंच पाणी पुरतं. जे बिघडतं ते इथेच: रंगवलेला किंवा पक्का भाजलेला घट पाझरत नाही, म्हणून हौशी पोरी वरून तांब्याने पाणी घालतात. चौथ्या दिवशी पांढरी बुरशी आणि आंबूस वास. गाभाऱ्यात उजेड नसल्याने कोंब पिवळे आणि लांब येतात, तो दोष नाही, पिवळे कोंबच शुभ मानतात. मात्र परडीच्या एका बाजूचेच कोंब वाढले तर गावात त्याचा अर्थ लावतातच. तुमच्या मामाला हे आयतं मिळेल.

अखंड दिवा. नऊ दिवसांत वातीच्या जाडीप्रमाणे एक ते तीन लिटर तेल जातं. दिवा बहुधा वाऱ्याने विझत नाही, काजळी साचून किंवा वात तेलात बुडून विझतो. म्हणून शेजारी दुसरी समई त्याच ज्योतीवर लावून ठेवायची, मगच पहिल्याची वात सारायची. रात्री दोघी लागतात, एकटीचं काम नाही. ‘एकटी पुजारीण आयुष्यभर देवळात’ हे चित्र इथेच फसतं.

मोहफूल

नंदादीपताई, दोघी लागतात म्हणालात. मग पाळीच्या दिवसांचं काय करतात? बायकांचंच देऊळ आहे, चार दिवस पूजा थांबवायची का?

नंदादीप

दोन रस्ते. एक, पुजारणींची जोडी ठेवा, एकीचे दिवस तेव्हा दुसरी. यात कुरबूर अशी की दोघींचे दिवस जुळले तर तिसरी लागते, म्हणजे किमान तीन घरांचा मान. दुसरा, विटाळच मानू नका. याला दूर जायला नको. महानुभाव पंथाच्या चक्रधरांनी तेराव्या शतकात विटाळ मानला नाही आणि रिद्धपूर तुमच्या गावापासून लांब नाही. महानुभाव बायकांना संन्यास होता, चक्रधरांची शिष्या महदंबा तिथेच त्यांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या सेवेत होती. बायकांनी चालवलेल्या गावात हा विचार रुजला नसता तरच नवल. आसामात कामाख्येला आषाढात तीन दिवस देवीचाच विटाळ मानून देऊळ बंद ठेवतात, पण ते इकडे आणू नका, उसनं दिसेल.

पऱ्हाटी

पूजेचे दिवस वाटतेत कसे, ते बी सांगा कोनी. भांडनं तिथंच होतेत.

बंदोबस्त

बरोबर. गुरवांच्या पाळ्या बापाकडून मुलाला जातात, तुमच्याकडे आईकडून मुलीला. हिशेब तोच. समजा चार बहिणींचे चार-चार आणे. बारा महिन्यांत प्रत्येकीला तीन महिने. पण पाळी दरवर्षी चैत्रापासून त्याच क्रमाने सुरू केली तर आश्विन कायम एकीच्याच वाट्याला जातो, आणि नवरात्रात वर्षाचं निम्मं उत्पन्न येतं. म्हणून क्रम दरसाल एक घर पुढे सरकवतात, नवरात्र प्रत्येकीला चार वर्षांनी येतं.

अधिक महिना आला की गणित मोडतं. तीस तिथ्या चौघींत साडेसात. अर्ध्या दिवसाची पूजा कोणाची? शहाणं गाव अधिकाचं उत्पन्न वाटतच नाही, देवळाच्या डागडुजीला लावतं.

पुढच्या पिढीत चार आण्यांचे म्हणजे 48 पैंचे वाटे पडतात. तीन मुली असतील तर प्रत्येकी 16 पै, एक आणा चार पै. तुमची नायिका लग्न करत नसेल तर तिचा वाटा तिच्यानंतर भाच्यांत जाईल. त्या भाच्यांच्या आयांना ती किती दिवस जगते यात रस असणार, आणि हे कोणी उघड बोलणार नाही. मुलगी दत्तक घेतली तर सगळ्या बहिणी एका बाजूला, ती एका बाजूला.

रोममध्ये वेस्टा देवीच्या सहा पुजारणी असत. सहा ते दहा वयात निवड, मुदत तीस वर्षं: दहा शिकायची, दहा सेवेची, दहा शिकवायची. बापाच्या अधिकारातून ती सुटायची, स्वतःचं मृत्युपत्र करू शकायची, पण बाप मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या मालमत्तेत तिला वाटा नसे. असा स्पष्ट सौदा तुमच्या गावानेही केलेला असावा. अट काय आणि मुदत किती, एवढं तरी लिहा. ‘उरलेलं आयुष्य’ ही मुदत गावाला परवडत नाही.

झणझणीत

जेवणाचं कोणी बोललं नाही. देवीचा भंडारा रोडग्यांचाच हवा. शंभर माणसाला जाडसर दळलेली कणीक 15 किलो, तूरडाळ 5, वांगी 12 ते 15. पीठ घट्ट, मोहन तेलाचं, गोळे मुठीएवढे. गोवऱ्यांचा जाळ पूर्ण बसू द्यायचा, निखारा आणि राख झाली की रोडगे आत. घाईने ज्वाळेत टाकले तर वरून कोळसा, आत कच्चे. ओल्या गोवऱ्या असल्या तर नुसता धूर आणि शेणाचा वास रोडग्यात उतरतो, पावसाळी भंडारा इथेच फसतो. भाजले की गोणपाटात घालून झटकायचे, राख निघते, मग फोडून तुपात.

आणि रोडगे बहुतेक ठिकाणी पुरुषच भाजतात. बायकांच्या गावातही तेच ठेवा, चुलीपुढे पुरुष आणि पंक्तीच्या वर आजी. वाचकाला आपोआप कळेल.

मोहफूल

बरंच बदलतंय. नायिका गादी सोडते पण दस्त करत नाही, बहीण अकराची, मामा कारभारी, 1951 ला गादी रिकामी, देऊळ शाबूत. शेवटचं विचारते: देवळात आल्यावर तिच्या हातात प्रत्यक्ष सत्ता कशातून येईल? देवी अंगात येण्यातून दाखवायची नाही.

रिद्धपूरवाट

कोठार आणि तारखा. पेरणीआधी देवीला बियाणं लावायचं असेल तर तो दिवस कोण सांगतो? मृग कोरडा गेला तर कोण थांबवतो? कपाशीची पेरणी आठ दिवस पुढे-मागे झाली की उगवण आणि बोंडं दोन्ही बदलतात. ज्या बाईच्या शब्दावर अख्खं गाव तिफण धरतं तिला लंबरदारी लागत नाही. आणि शब्द चुकला तर पहिला दगड देवळावर.

बंदोबस्त

कोठाराला दोन कुलुपं द्या, एक किल्ली पुजारणीकडे, एक कारभाऱ्याकडे. दोघं हजर असल्याशिवाय दार उघडत नाही. दुष्काळी साली देवीचं धान्य सवाईने द्यायचं की बिनवाढीने, यावर दोघांचं जमलं नाही तर दार बंदच. वहीत आवक वेगळ्या पानावर, जावक वेगळ्या पानावर, आणि प्रत्येक जावकेला घेणाऱ्याचा अंगठा. तुमचा मामा अंगठे न घेता पोती काढेल, तिथून सुरू करा.

पऱ्हाटी

अन् मापाचं बी पाहा. देताना लहान पायली, घेताना मोठी. दोन पायल्या ठेवल्या का नाई मामानं, ते इचारा त्याले.